नागपूरऐवजी सुरत : अधिवेशनाचे गाव बदलले आणि राष्ट्रीय सभा फुटली

१/
२७ डिसेंबर १९०७. सुरतेत तापीकाठच्या फ्रेंच बागेत उभारलेल्या मंडपात राष्ट्रीय सभेचे तेविसावे अधिवेशन चालू होते. दुपारी एक दख्खनी जोडा हवेतून आला, सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागला आणि तेथून उडून फेरोजशहा मेहतांवर आदळला. पाठोपाठ काठ्या आणि खुर्च्या. जहाल-मवाळ फुटीची ही कथा शालेय पुस्तकांत दोन ओळींत आटोपते. त्या दोन ओळींतून एक तपशील बहुधा गळतो. हे अधिवेशन मुळात सुरतेला भरायचे नव्हते. ते नागपूरला ठरले होते.

२/
हा थ्रेड त्या बदललेल्या गावाविषयी आहे. पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन कोठे भरवावे, हा प्रश्न वरवर पाहता व्यवस्थेचा वाटतो: आगगाडीची सोय, पाणी, मंडप, उतरण्याच्या जागा, वर्गणी. परंतु राष्ट्रीय सभेच्या पहिल्या ३५ वर्षांत गाव ठरले की पुष्कळ गोष्टी त्याबरोबरच ठरत. अध्यक्ष कोण होऊ शकेल, मंडपात कोणाची संख्या अधिक असेल, कोणता ठराव तरेल आणि कोणता बुडेल, हे सारे गावावर अवलंबून असे. असे का होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

३/
राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशनही ठरलेल्या गावी भरले नाही. १८८५ च्या डिसेंबरात ते पुण्यास व्हायचे होते. पुणे सार्वजनिक सभेने यजमानपद पत्करले होते आणि पर्वतीनजीक हिराबागेत तयारी चालली होती. ऐन वेळी पुण्यात पटकीची साथ आली. मंडळींनी मुंबई गाठली आणि २८ डिसेंबरला गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. तेथे गाव बदलले ते रोगामुळे. त्याविषयी कोणाच्या मनात किंतू राहिला नाही.

४/
पुढे प्रथा अशी पडली की, चालू अधिवेशन संपताना एखाद्या प्रांताने पुढल्या वर्षाचे आमंत्रण द्यायचे. आमंत्रण स्वीकारले गेले की त्या गावी स्वागत समिती उभी राहायची. वर्गणी गोळा करणे, मंडप घालणे, प्रतिनिधींना उतरवून घेणे ही कामे तिचीच. परंतु तिचा खरा अधिकार निराळा होता. अधिवेशनाच्या अध्यक्षाचे नाव तीच पुढे आणीत असे. त्यामुळे स्वागत समितीत बहुमत कोणाचे, हा प्रश्न मंडपाचा पहिला खांब रोवण्याआधीच महत्त्वाचा ठरे.

५/
दुसरी गोष्ट प्रतिनिधींची. कोणत्या प्रांताने किती प्रतिनिधी पाठवावेत यावर बंधन नव्हते. एखाद्या संस्थेने किंवा जाहीर सभेने निवडले की माणूस प्रतिनिधी झाला. १८८७ मध्ये मद्रासला ६०७ प्रतिनिधी होते, १८८८ मध्ये अलाहाबादला १,२४८ आणि १८८९ मध्ये मुंबईला, योगायोगाने, बरोबर १,८८९. दूरच्या प्रांतांतून मूठभर लोक येत. यजमान प्रांतातून मात्र झुंडीने येत, कारण त्यांना प्रवासाचा खर्च आणि वेळ दोन्ही थोडे लागत. हात वर करून मते मोजायची वेळ आली, तर भूगोलच मतदान करीत असे.

६/
तिसरी गोष्ट अलिखित होती. यजमान प्रांतातील माणूस अध्यक्ष होत नसे. पहिल्या मुंबईच्या सभेला बंगालचे व्योमेशचंद्र बॅनर्जी, कलकत्त्याला १८८६ मध्ये दादाभाई नौरोजी, मद्रासला १८८७ मध्ये मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी, पुण्याला १८९५ मध्ये सुरेंद्रनाथ, अमरावतीला १८९७ मध्ये मद्रासकडचे शंकरन नायर, बनारसला १९०५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले. १९०६ पर्यंतची यादी तपासली तर हा संकेत एकदाही मोडलेला दिसत नाही. १९०७ ची गोष्ट समजण्यासाठी हा संकेत ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

७/
गाव निवडताना सरकारचा मनोदयही पाहावा लागे. १८८८ मध्ये अलाहाबादला अधिवेशन ठरले, तेव्हा वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर ऑकलंड कॉल्व्हिन उघडउघड विरोधात होते. स्वागत समितीला मंडपासाठी जागाच मिळू देईनात. अखेरीस दरभंग्याचे महाराज लक्ष्मीश्वर सिंह यांनी ‘लाउदर कॅसल’ नावाची वास्तू तिच्या आवारासह विकत घेतली आणि सभेच्या हवाली केली. खाजगी मालकीच्या जागेतून सभेला हुसकावणे सरकारला शक्य नव्हते.

८/
आणि गावचे लोकमत? त्याचे उदाहरण पुणे, १८९५. राष्ट्रीय सभेच्या मंडपातच न्यायमूर्ती रानड्यांची सामाजिक परिषद भरविण्याची रीत होती. पुण्यात त्याला कडाडून विरोध झाला आणि विरोधकांचे नेतृत्व टिळकांकडे आले. सभा फुटेल या भयाने रानड्यांनी माघार घेतली आणि परिषद फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आवारात वेगळी भरली. अन्य गावी जी गोष्ट विनासायास पार पडत होती, ती पुण्यात अडली. यजमान गावाचा स्वभाव मंडपात उतरतो, हे त्या वर्षी दोन्ही पक्षांनी पाहिले.

९/
आता १९०६ कडे. वंगभंग होऊन वर्ष उलटले होते. स्वदेशी आणि बहिष्काराने बंगाल पेटला होता. कलकत्त्याच्या अधिवेशनासाठी जहालांनी टिळकांचे नाव पुढे केले. ते टाळायचे कसे, हा मवाळांपुढचा पेच होता. त्यांनी इंग्लंडमधून ८१ वर्षांच्या दादाभाई नौरोजींना बोलाविले. त्यांच्याविरुद्ध उभे राहणे कोणालाच शक्य नव्हते. पेच एका वर्षापुरता टळला. टिळकांचे नाव मात्र हवेत राहिले.

१०/
कलकत्त्यास दोन गोष्टी झाल्या. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांवरचे चार ठराव संमत झाले. जहालांना तो आपला विजय वाटला, तर मवाळांना ती आणीबाणीतली तडजोड. दुसरी गोष्ट नियमांची. अध्यक्षाच्या नावाला स्वागत समितीत तीन-चतुर्थांश मते मिळावीत, न मिळाल्यास प्रश्न अखिल भारतीय स्थायी समितीकडे जावा, असे ठरले. पुढील वर्षाचे आमंत्रण नागपूरचे होते. नियम नवा आणि त्याची पहिली कसोटी नागपुरात.

११/
नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी. शेजारी वऱ्हाड. दोन्हीकडे मराठी वाचक, त्यामुळे ‘केसरी’ तेथे घरचाच. अच्युतराव कोल्हटकरांचा ‘देशसेवक’ नागपुरातून निघे. माधवराव सप्र्यांनी १९०७ मध्येच तेथे ‘हिंदी केसरी’ सुरू केला होता. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे तरुणांना संघटित करीत होते. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे तर टिळकांचे जिवलग. याउलट वकिली, जमीनदारी आणि सरकारदरबारी वजन असलेली जुनी पिढी मवाळ होती. गंगाधरराव चिटणीस हे तिच्यातले ठळक नाव.

१२/
स्वागत समितीचे सभासदत्व वर्गणी भरून मिळे. दोन्ही पक्षांनी आपापली माणसे भरण्यास आरंभ केला. समितीत मवाळांचे पारडे जड राहिले, परंतु तीन-चतुर्थांश मते त्यांच्याकडे नव्हती. जहालांकडे गावातील उत्साह होता, पण समितीत बहुमत नव्हते. जहालांचा उमेदवार ठरलेला होता: टिळक. अलिखित संकेत येथे त्यांच्या आड येत नव्हता. टिळक मुंबई इलाख्याचे, नागपूर मध्यप्रांतात. कागदोपत्री ते परप्रांतीयच होते. भाषा आणि वृत्तपत्र यांमुळे मात्र ते तेथे घरचे होते.

१३/
सप्टेंबर १९०७ मध्ये अध्यक्षाच्या निवडीसाठी स्वागत समितीची सभा बोलाविण्यात आली. ती गोंधळातच उधळली गेली. नागपुरात काम पुढे सरकेना. वर्गणी अडली आणि माणसे दुभंगली. डिसेंबर तीन महिन्यांवर आला होता. नाताळच्या सुट्टीत न्यायालये बंद असत आणि सभेचे बहुसंख्य प्रतिनिधी वकील असत. त्यामुळे अधिवेशन लांबविणे म्हणजे जवळजवळ रद्द करणेच होते.

१४/
येथून दोन्ही पक्षांच्या कहाण्या वेगळ्या होतात. मवाळांचे म्हणणे होते की, दांडगाईपुढे स्वागत समितीला काम करणे अशक्य झाले आहे, अशा गावात सभा सुरक्षित नाही. जहालांचे म्हणणे होते की, गाव आमच्या बाजूचे आहे, आम्ही अधिवेशन पार पाडू शकतो, मवाळांना नागपूर नको आहे ते टिळकांमुळे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. समितीची सभा उधळली गेली हे खरे. नागपूर सोडल्यामुळे टिळकांचे नाव आपोआप मागे पडले, हेही तितकेच खरे.

१५/
१० नोव्हेंबर १९०७ रोजी मुंबईत फेरोजशहा मेहतांच्या घरी स्थायी समितीची बैठक झाली. बैठकीची जागाही बोलकी होती. मुंबई महापालिकेवर आणि इलाख्याच्या राजकारणावर ज्यांचा शब्द चाले, त्या नेत्याच्याच दिवाणखान्यात राष्ट्रीय सभेचे गाव ठरणार होते. निर्णय झाला: अधिवेशन नागपूरला नाही, सुरतेला. हाताशी उरले जेमतेम सहा आठवडे.

१६/
सुरतच का? मुंबईहून बडोद्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुरत सोयीची होती. गावात व्यापारी पैसा होता, त्यामुळे इतक्या थोड्या अवधीत मंडप उभा राहू शकत होता. गुजरातमध्ये ‘केसरी’चा मराठी वाचक थोडा आणि जहालांचे संघटन तोकडे. फेरोजशहांच्या शब्दाला मात्र तेथे वजन होते. शिवरायांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे मराठी माणसाला सुरत ठाऊक होती खरी, पण १९०७ ची सुरत मराठी राजकारणाच्या कक्षेबाहेर होती. मवाळांना हवे होते ते नेमके हेच.

१७/
आता सहाव्या क्रमांकातला संकेत पाहावा. सुरत मुंबई इलाख्यात होती. पुणेही त्याच इलाख्यात. त्यामुळे सुरतेच्या अधिवेशनात टिळक यजमान प्रांताचे ठरत. नागपूरच्या मानाने सुरत पुण्याहून भाषेने आणि मनाने कितीतरी दूर, तरी प्रशासनाच्या नकाशावर दोन्ही एकाच घरातल्या. टिळकांना नाकारण्याचा ठराव कोणालाच करावा लागला नाही. गाव बदलताच त्यांचे अध्यक्षपद संकेतात बसेनासे झाले.

१८/
मवाळांना नुसते कारस्थानी ठरवून भागत नाही. १९०७ हे वर्ष साधे नव्हते. मे महिन्यात लाला लजपतराय आणि अजितसिंह यांना मंडालेस हद्दपार करण्यात आले होते. इंग्लंडमध्ये मोर्ले-मिंटो सुधारणांची चर्चा चालली होती. गोखल्यांना वाटे की, टिळक अध्यक्ष झाले तर सरकार सभेवरच घाव घालील आणि सुधारणाही हातच्या जातील. वीस वर्षे जपून उभी केलेली संस्था एका अधिवेशनात मोडू नये, ही त्यांची भीती खोटी नव्हती. ती टाळण्यासाठी जो उपाय निवडला, त्यानेच ती खरी केली, ही गोष्ट निराळी.

१९/
नोव्हेंबरातच लालाजींची सुटका झाली आणि जहालांना नवे नाव मिळाले. टिळकांनी स्वतःचे नाव बाजूस सारून लजपतरायांना अध्यक्ष करावे असा आग्रह धरला. पंजाबचा नेता, नुकताच हद्दपारीतून सुटलेला: ना संकेताची अडचण, ना लोकप्रियतेची. परंतु सुरतेच्या स्वागत समितीने बंगालचे रासबिहारी घोष यांची निवड केली. आपल्या नावावरून सभा फुटू नये म्हणून लालाजींनी स्वतःच नकार दिला. सुरतेच्या स्वागत समितीत तीन-चतुर्थांशाचा प्रश्न उरलाच नव्हता.

२०/
वाद अध्यक्षापुरता असता तर कदाचित मिटला असता. पण कलकत्त्याचे चार ठराव सुरतेत सौम्य केले जाणार, अशी बातमी पसरली. प्रसिद्ध झालेल्या विषयांच्या यादीत ते सगळे स्पष्ट दिसेनात. ठरावांचा मसुदा गोखल्यांकडे होता आणि तो प्रतिनिधींच्या हाती वेळेवर पडला नाही. छपाईला उशीर झाला, हे गोखल्यांचे स्पष्टीकरण. एरवी ते कोणी नाकारले नसते. परंतु गाव बदलण्याचा अनुभव ताजा होता आणि त्यानंतर कोणताही उशीर जहालांना निरागस वाटेना.

२१/
२४ डिसेंबरला सुरतेच्या हरिपुरा भागात जहालांची वेगळी परिषद भरली. अध्यक्षस्थानी अरविंद घोष होते आणि सुमारे ५०० प्रतिनिधी जमले होते. नागपूर-वऱ्हाडची मंडळी मोठ्या संख्येने आली होती. आपल्या गावचे अधिवेशन हिरावून घेतले गेले, ही सल घेऊन ती आली होती. टिळकांनी तडजोडीचा मार्ग सुचविला: चार ठराव कायम राहतील असे आश्वासन द्या आणि लालाजींविषयी लोकांची जी इच्छा होती तिचा व्यासपीठावरून उचित उल्लेख करा, म्हणजे घोषांच्या निवडीस विरोध होणार नाही. मध्यस्थांच्या फेऱ्या झाल्या, आश्वासन मिळाले नाही.

२२/
२६ डिसेंबर. मंडपात सुमारे १,६०० प्रतिनिधी. स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांचे भाषण शांततेत झाले. दिवाण बहादूर अंबालाल साकरलाल देसाई यांनी रासबिहारी घोषांचे नाव सुचविले. अनुमोदनासाठी सुरेंद्रनाथ उठले आणि गलका सुरू झाला. ज्यांच्या आवाजाने कलकत्त्याची मैदाने दणाणत, त्यांना येथे बोलू दिले गेले नाही. आरोळ्या होत्या, नागपूर आठवा, मिदनापूर आठवा. मिदनापूरच्या जिल्हा परिषदेत त्याच महिन्यात दोन पक्ष फुटले होते. सभा तहकूब झाली.

२३/
२७ डिसेंबर, दुपारी एक. सुरेंद्रनाथांनी भाषण पूर्ण केले आणि मोतीलाल नेहरूंनी पाठिंबा दिला. दरम्यान टिळकांनी मालवींकडे एक चिठ्ठी पाठविली होती: अनुमोदन झाल्यावर मला तहकुबीची उपसूचना मांडायची आहे. चिठ्ठीला उत्तर आले नाही. मालवींनी निवड झाल्याचे जाहीर केले आणि घोष अध्यक्षांच्या खुर्चीत बसले. टिळक व्यासपीठावर चढले. मालवी आणि घोष दोघांनीही त्यांना नियमबाह्य ठरविले. टिळकांचे म्हणणे होते की निवडच विधिवत झालेली नाही, तेव्हा आपण प्रतिनिधींकडे दाद मागणार.

२४/
हाताची घडी घालून टिळक प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहिले. काही तरुण त्यांना खाली ओढण्यासाठी धावले. तेव्हा गोखले पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही हात टिळकांभोवती टाकून त्यांचे रक्षण केले. हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने हा प्रसंग प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवला आहे. त्यानंतर तो जोडा आला: लाल चामड्याचा, टोकदार, तळाला शिसे ठोकलेला. मग काठ्या आणि खुर्च्या. शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला. ज्या दोघांच्या मतभेदाने सभा फुटत होती, त्यांपैकी एकाने दुसऱ्याला त्याच क्षणी कवेत घेतलेले होते.

२५/
२८ डिसेंबरला मवाळांनी त्याच मंडपात स्वतंत्र परिषद भरविली. बोलावण्यावर सुमारे ९०० सह्या होत्या. एप्रिल १९०८ मध्ये अलाहाबादला सभेची नवी घटना तयार झाली. वसाहतींच्या धर्तीचे स्वराज्य, तेही सनदशीर मार्गाने, हे ध्येय लेखी मान्य केल्याखेरीज कोणालाही प्रतिनिधी होता येणार नव्हते. जाहीर सभांतून प्रतिनिधी निवडण्याची जुनी मोकळीकही आवळली गेली. आता गाव कोणतेही असो, जहालांना दारच बंद झाले.

२६/
परिणाम वेगाने आले. २४ जून १९०८ रोजी टिळकांना अटक झाली, जुलैत सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेस झाली. अरविंद मे १९०८ मध्ये अलीपूर खटल्यात पकडले गेले आणि १९१० मध्ये पाँडिचेरीस निघून गेले. मवाळांच्या हाती सभा राहिली, पण तिचा जोम ओसरला. गोखले आणि फेरोजशहा दोघेही १९१५ मध्ये वारले. त्याच वर्षी मुंबईच्या अधिवेशनात घटना सैल करण्यात आली. १९१६ मध्ये लखनौला टिळक आपल्या अनुयायांसह परत आले. मधली नऊ वर्षे गेली ती गेलीच.

२७/
नागपूरलाच अधिवेशन झाले असते तर फूट टळली असती का? तसे सिद्ध करता येत नाही. स्वराज्याचा अर्थ, बहिष्काराची व्याप्ती आणि सरकारशी संबंध यांवरचे मतभेद खोल होते. कदाचित नागपुरात मवाळ उठून गेले असते. तरी एक फरक राहिला असता. नागपुरात हरणाऱ्या पक्षाला आपण मतांनी हरलो असे वाटले असते. सुरतेत हरणाऱ्या पक्षाला वाटले की खेळाचे मैदानच बदलले. मतभेद सहन करता येतो. पंच एका बाजूचा आहे अशी खात्री झाली की मग प्रत्येक चिठ्ठी आणि प्रत्येक विलंब संशयास्पद होतो. अरविंदांनी पुढे लिहिले की, सुरतेत सभा मोडण्याचा आदेश आपणच टिळकांना न विचारता दिला. तो पाळणारे इतके जण मिळाले, याचे कारण आधीच्या तीन महिन्यांत सापडते.

२८/
टिळक राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष कधीच झाले नाहीत. १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी त्यांची निवड झाली होती, पण व्हॅलेंटाइन चिरोलवरील खटल्यासाठी ते इंग्लंडला गेले आणि अध्यक्षस्थान मदनमोहन मालवीयांनी सांभाळले. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक निवर्तले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अधिवेशन ठरले होते नागपूरला. अध्यक्षपद स्वीकारावे म्हणून डॉ. मुंज्यांनी पाँडिचेरीला अरविंदांकडे विनंती केली. त्यांनी ती नाकारली. अखेर सेलमचे विजयराघवाचार्य अध्यक्ष झाले आणि स्वागताध्यक्ष होते जमनालाल बजाज.

२९/
नागपूर, १९२०: १४,५८२ प्रतिनिधी. एवढा समुदाय सभेने पूर्वी पाहिला नव्हता. असहकाराला विरोध करण्यासाठी चित्तरंजन दास बंगालमधून स्वतःच्या खर्चाने प्रतिनिधींचा मोठा ताफा घेऊन आले होते. म्हणजे माणसे गाडीत भरून नेण्याचा जुना डाव अजून चालू होता. गांधीजींशी बोलणी झाल्यावर दासांनी विरोध सोडला आणि असहकाराचा ठराव स्वतःच मांडला. पण त्याच मंडपात आणखी एक निर्णय झाला, जो बातम्यांत थोडा झाकला गेला.

३०/
तो निर्णय म्हणजे नवी घटना. भाषेनुसार प्रांतिक समित्या, चार आणे वर्गणीचे सभासदत्व, १५ जणांची कार्यकारिणी आणि प्रतिनिधींचे प्रमाण: दर ५०,000 लोकसंख्येमागे एक. एकूण संख्या साधारण ६,००० वर बांधली गेली. आता अधिवेशन कोठेही भरो, यजमान प्रांताला आपल्या वाट्यापेक्षा अधिक मते मिळणार नव्हती. भाषावार प्रांतरचनेमुळे पुणे आणि सुरत निदान सभेच्या नकाशावर वेगळी झाली. सुरतेचा डाव पुन्हा खेळता येऊ नये असे नियम ज्या गावी संमत झाले, ते गाव नागपूर होते.

३१/
त्यानंतर गावाचे महत्त्व संपले नाही, त्याचे स्वरूप बदलले. १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्यात अध्यक्षपदाची लढत झाली, तेव्हा प्रतिनिधींनी आपापल्या प्रांतात जानेवारीतच मते दिली होती. त्रिपुरीचा मंडप भरला तो मार्चमध्ये. गावाची निवड आता संदेशासाठी होऊ लागली. १९३६ मध्ये प्रथमच अधिवेशन एका खेड्यात भरले, पूर्व खानदेशातल्या फैजपूरला. नंदलाल बोसांनी बांबू आणि स्थानिक साहित्यातून तेथील नगर सजविले, अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. शेतकऱ्यांच्या गर्दीने फुललेल्या त्या नगराला नाव दिले होते टिळकनगर.